पाणीपट्टी भरतो, दिवाबत्ती नाही: युनोच्या थकबाकीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कोपऱ्यात एक छोटी चौकट टाकली होती, की अमेरिका युनोला पैसे देते पण स्वतःला पटेल त्या कामाचे, पटेल तेव्हा, आणि बाकीचे थकवते. चार ओळींची चौकट होती हो. पण त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲप आले, एकानं तर ऑडिओ पाठवला ज्यात मागं मोटार चालू होती आणि प्रश्न अर्धाच ऐकू आला. म्हणून ह्या वेळचं अख्खं सदर ह्याच विषयाला. नेहमीचे सोयाबीन-हमीभावाचे आणि सातबाराचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका.

प्रश्न : आमच्या गावात एक बडी असामी आहे. पाणीपट्टी भरतात पण दिवाबत्ती कर भरत नाहीत, म्हणतात माझ्या दारापुढचा खांब बंद आहे, मी कशाला भरू. ग्रामसेवक म्हणतो असं निवडून भरता येत नाही. मग अमेरिकेला कसं जमायलंय? युनोत ग्रामसेवक नाही का? (एक वाचक, औसा)

उत्तर : तुमचा ग्रामसेवक बरोबर बोलतोय, आणि कागदावर युनोचा कायदाही तेच बोलतो. युनोच्या सनदेचं कलम १७ सांगतं की संस्थेचा खर्च सगळ्या सदस्यांनी उचलायचा आणि कुणी किती उचलायचा ते आमसभा ठरवणार. त्यात कुठंही असं लिहिलेलं नाही की ज्याला जे काम आवडेल त्यानं त्याचेच पैसे द्यावेत. दर तीन वर्षांनी टक्केवारी ठरते, देशाचं उत्पन्न, डोक्यावरचं कर्ज, माणशी उत्पन्न कमी असेल तर सूट, असा सगळा हिशोब करून. सगळ्यात गरीब देशाला कमीत कमी ०.००१ टक्के आणि सगळ्यात मोठ्याला जास्तीत जास्त २२ टक्के. ते २२ टक्केवाले म्हणजे अमेरिका.

आता निवडून भरायची सुरुवात कुणी केली विचाराल तर अमेरिकेनं नाही केली, रशियानं केली, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियननं, आणि सोबत फ्रान्स. १९५६ च्या सुएझ भानगडीनंतर मध्यपूर्वेत युनोची फौज गेली, १९६० ला काँगोत गेली, खर्च भरमसाठ झाला. सोव्हिएत म्हणाले की फौज पाठवायचा अधिकार फक्त सुरक्षा परिषदेला, आमसभेनं परस्पर खर्च लावला तर तो आम्ही देणार नाही. फ्रान्स काँगोच्या खर्चावर अडला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं आणि २० जुलै १९६२ ला ९ विरुद्ध ५ असा सल्ला आला, की शांतिसेनेचा खर्च हा संस्थेचाच खर्च आहे, म्हणजे द्यावाच लागेल.

तरी दिला नाही! मग अमेरिका (हो, तीच अमेरिका) उठून म्हणाली की ह्यांचं आमसभेतलं मत काढून घ्या, कलम १९ लावा. आणि १९६४ चं अख्खं अधिवेशन असं गेलं की मतदानच नको, कारण मतदान घेतलं की सोव्हिएतना मत देऊ द्यायचं का नाही हा प्रश्न उभा राहणार. जगातल्या सगळ्यात मोठ्या सभेनं महिनोनमहिने हात वर करणं टाळलं, सगळं आपलं आपसात विचारून. शेवटी ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकेचे राजदूत आर्थर गोल्डबर्ग (सुप्रीम कोर्टाची खुर्ची सोडून हे गृहस्थ युनोत आले होते) उभे राहिले आणि म्हणाले, ठीक आहे, आम्ही कलम १९ चा आग्रह सोडतो, पण लक्षात ठेवा, इतरांना जर न पटलेला खर्च नाकारायची मुभा मिळत असेल तर पुढं भक्कम कारण असेल तेव्हा आम्हीही ती मुभा वापरू.

माझ्या मते आजच्या सगळ्या भानगडीचं मूळ त्या एका भाषणात आहे. त्या दिवशी दोन्ही बड्यांनी मिळून ठरवलं की हा नियम आपल्यासाठी नाही. आणि १९८० च्या दशकात अमेरिकेनं ती मुभा काढली बाहेर. पॅलेस्टाईनची पीएलओ आणि नामिबियाची स्वापो ह्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनांना फायदा होईल अशा कार्यक्रमांचा आपला वाटा कापला. समुद्राच्या कायद्याचा करार तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन ह्यांना पटला नाही, तर त्याच्या तयारी आयोगाचा वाटा कापला. रक्कम फार नव्हती पण पायंडा पडला.

आणि ह्यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तुम्ही म्हणालात की 'मी त्या विभागाचे पैसे देणार नाही' तर त्या एकट्या विभागाला काही वेगळा फरक पडत नाही, कारण युनोत आलेला पैसा एकाच तिजोरीत जातो, आणि नियम असा आहे की आलेली रक्कम आधी खेळत्या भांडवलाच्या निधीत आणि मग सगळ्यात जुन्या बाकीपासून वळती करायची. चिठ्ठी लावून दिलेले पैसे चिठ्ठीप्रमाणं खर्च होत नाहीत. तुमच्या त्या बड्या असामीनं दिवाबत्ती थकवली म्हणून काही फक्त दिवे बंद होत नाहीत ना, शिपायाचा पगारही लांबतो, तसंच. म्हणजे पॅलेस्टाईनच्या विभागाला धडा शिकवायला गेले आणि कमी पडले ते सगळ्यांनाच. तरी वॉशिंग्टनमध्ये मतदारसंघात जाऊन सांगायला बरं असतं, की बघा आम्ही एक डॉलर दिला नाही.

आता ग्रामसेवक नाही का विचारलंत. आहे, पण त्याच्या हातात जप्तीची नोटीस नाही. आपल्याकडं ग्रामपंचायत सदस्यानं बिल मिळाल्यावर तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं, किती जणांचं तसं गेलंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, निवडणूक आली की विरोधक पहिले थकबाकीच काढतात. युनोत तसं कलम १९ आहे पण त्याला दात किती, ते पुढच्या प्रश्नात आलंय.

प्रश्न : सर मी लातूरला राहून एमपीएससी करतो. कलम १९ नुसार थकबाकीदाराचं मत जातं असं पुस्तकात आहे. मग अमेरिकेचं एवढ्या वर्षांत का गेलं नाही? (एक परीक्षार्थी)

उत्तर : पुस्तकात अर्धंच आहे भाऊ. कलम १९ म्हणतं की तुमची बाकी मागच्या पूर्ण दोन वर्षांच्या वर्गणीएवढी किंवा त्याहून जास्त झाली तरच आमसभेतलं मत जाईल. दोन वर्षांची! म्हणजे एखाद्याला दीड वर्षाची बाकी कायम अंगावर ठेवून निवांत मतदान करता येतं, फक्त रेषेच्या आत राहायचं. अमेरिकेनं वर्षानुवर्षं नेमकं तेच केलं. डिसेंबरच्या आसपास हिशोब लावून तेवढं टाकायचं की रेष ओलांडली जाणार नाही.

शिवाय दुसरी सवय, उशिरा द्यायची. युनोचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात. अमेरिकेचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि रेगनच्या काळात एका वर्षाचं बजेट कमी दिसावं म्हणून त्यांनी देणं पुढच्या आर्थिक वर्षात ढकललं. तेव्हापासून जे मागं पडलंय ते पडलंय. जानेवारीचं बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर, तेही तिकडच्या संसदेनं पास केलं तर. तोपर्यंत युनोनं काय खायचं? कर्ज काढून चालवायची सोय तिला नाही.

१९९९ ला मात्र अगदी गळ्यापर्यंत आलं होतं, मत जाणार अशी वेळ होती. तेव्हा सिनेटर हेल्म्स आणि सिनेटर बायडन (हो, तेच पुढं राष्ट्राध्यक्ष झालेले) ह्यांनी कायदा केला, ९२ कोटी ६० लाख डॉलर देऊ पण तीन टप्प्यांत आणि अटी घालून. एक अट अशी की आमचा वाटा २५ वरून २२ टक्क्यांवर आणा. म्हणजे बघा, थकबाकीदारच बिल कमी करून मागतोय आणि ते मिळालं की जुनी बाकी देतो म्हणतोय. आणि मिळालं की! डिसेंबर २००० मध्ये आमसभेनं कमाल मर्यादा २२ टक्के केली. पण बाकीच्या देशांची त्या वर्षाची बजेटं ठरून गेली होती, मधल्या एका वर्षाचा खड्डा भरायचा कुणी? सीएनएन काढणारे टेड टर्नर ह्यांनी स्वतःच्या खिशातून ३ कोटी ४० लाख डॉलर दिले तेव्हा कुठं गाडी पुढं गेली. एका देशाची तूट एका माणसानं भरली, मला आजही हे विचित्र वाटतं.

उलट छोट्या देशांवर कलम १९ धाडकन पडतं. जानेवारी २०२२ ला इराणचं मत गेलं. इराणकडं पैसे नव्हते असं नाही, पैसे होते पण अमेरिकेच्या निर्बंधांमुळं दक्षिण कोरियाच्या बँकेत अडकले होते, शेवटी कोरियानं त्याच अडकलेल्या पैशांतून सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर युनोला भरले आणि मत परत आलं. व्हेनेझुएलाचंही तेव्हा गेलं. कोमोरोस, सोमालिया, साओ टोमे असल्या देशांना आमसभेनं वर्षानुवर्षं माफी दिलीय, कारण परिस्थिती हाताबाहेरची असेल तर तशी तरतूद आहे.

आणि मुख्य परीक्षेसाठी हे लक्षात ठेव, कलम १९ फक्त आमसभेपुरतं. सुरक्षा परिषदेतलं मत आणि व्हेटो (म्हणजे पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार) ह्याला हात लागत नाही. हकालपट्टीचं कलम ६ आहे पण त्याला सुरक्षा परिषदेची शिफारस लागते, म्हणजे पुन्हा व्हेटो. झालं.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार. शांतिसेनेत काँगोला होतो. आमचा पगार कधी थांबला नाही. मग अमेरिकेनं पैसे नाही दिले तर नुकसान कुणाचं होतं? (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : सुभेदार साहेब, तुमचा पगार थांबला नाही कारण तो भारत सरकार देत होतं. युनो पैसे सैनिकाला नाही देत, देशाला देते, दर सैनिकामागं महिन्याला ठरलेला दर. २०१८ ला तो १,४२८ डॉलर होता, २०२२ ला १,४४८ झाला. शिवाय गाड्या, हत्यारं, तंबू, जनरेटर ह्यांचं भाडं वेगळं. ही परतफेड युनोच्या तिजोरीत पैसा असला तरच वेळेवर होते, नसला तर देशांना थांबावं लागतं. आणि थांबणारे देश कोण? भारत, बांगलादेश, नेपाळ, पाकिस्तान, रवांडा, इथिओपिया. आपल्या पोरांना पाठवणारे.

म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, की जगातला सगळ्यात श्रीमंत देश पैसे अडकवतो आणि तेवढ्या काळापुरती उधारी नेपाळ नि रवांडानं दिल्यासारखं होतं, बिनव्याजी. हे कुठल्या ठरावात लिहिलेलं नाही, कुणी मतदान केलेलं नाही. पण होतं असंच.

शांतिसेनेचं बजेट वेगळं असतं, २०२४-२५ ला ते सुमारे ५६० कोटी डॉलर होतं, आणि त्यात सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांना जादा टक्का लावतात कारण फौज पाठवायचा निर्णय त्यांच्याच हातात असतो. अमेरिकेला त्यात २६-२७ टक्के लागतात. पण त्यांच्या संसदेनं १९९४ ला कायदा केला की आम्ही २५ टक्क्यांच्या वर देणार नाही. मधल्या काही वर्षांत ही मर्यादा सैल केली, मग परत आवळली. वरचा तो काही टक्क्यांचा फरक साचत साचत अब्ज डॉलरच्या पुढं गेलाय. आणि अमेरिका म्हणते ती बाकीच नाही, आम्ही तो दर मान्यच केला नव्हता. तुम्ही तिकडं गस्त घालत होतात तेव्हा इकडं हा वाद चालू होता.

काँगोचं नाव काढलंत म्हणून सांगतो, तरुण वाचकांना माहीत नसेल. १९६१ मध्ये ५ डिसेंबरला काँगोच्या एलिझाबेथविल शहरात कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया शहीद झाले, त्यांना परमवीर चक्र मिळालं. ज्या मोहिमेत ते गेले त्याच मोहिमेचा खर्च सोव्हिएतनी आणि फ्रान्सनं नाकारला होता. १९८७ ला गोर्बाचेव्हच्या काळात सोव्हिएतनी शांतिसेनेची जुनी बाकी भरायचं कबूल केलं, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

आता ताजं. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनोनं सांगितलं की पैशाअभावी नऊ मोहिमांमधले जवळपास एक चतुर्थांश जवान आणि पोलीस कमी करावे लागतील, तेरा-चौदा हजार माणसं. ज्या गावांजवळून ती चौकी उठते त्या गावाला कळतं की न्यूयॉर्कमधली थकबाकी म्हणजे काय. तुम्ही तिथं राहिलात, तुम्हाला मी काय सांगू.

प्रश्न : मी वेरूळला गाईड आहे. टीव्हीवर ऐकलं की अमेरिका युनेस्कोतून परत निघाली. मग वेरूळ-अजिंठ्याला जागतिक वारशाचा दर्जा आहे तो जाईल का? निधी बंद होईल का?

उत्तर : नाही जाणार, बिनधास्त राहा. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून त्या यादीत आहेत आणि दर्जा हा कुणाच्या वर्गणीवर टिकत नाही. रोजची देखभाल आपलं पुरातत्त्व खातं करतं, आपल्याच पैशातून. रस्ते, सोयी वगैरेसाठी मोठं कर्ज आलं होतं ते जपानचं, दोन देशांमधलं, युनेस्कोचं नव्हे. तुमच्या धंद्याला लेण्यांवर गर्दी किती आणि विमानं किती ह्याचा जास्त फरक पडतो.

पण अमेरिका-युनेस्को ही गोष्ट मोठी मजेशीर आहे, पर्यटकांना सांगायला बरी. जागतिक वारशाचा १९७२ चा करार मंजूर करणारा पहिला देश अमेरिकाच. १९८४ ला रेगन सरकार युनेस्कोतून बाहेर पडलं. २००३ ला परत आलं. ऑक्टोबर २०११ ला युनेस्कोनं पॅलेस्टाईनला पूर्ण सदस्य केलं आणि त्याच दिवशी अमेरिकेनं पैसे थांबवले, कारण १९९० आणि १९९४ चे त्यांचे कायदे असे की पॅलेस्टाईनला सदस्य करणाऱ्या युनोच्या संस्थेला एक पैसा द्यायचा नाही, मग राष्ट्राध्यक्ष कुणीही असो. ओबामांचीही पंचाईत झाली. बाहेर पडले नाहीत, सदस्य राहिले, बैठकांना बसले, फक्त बिल भरलं नाही. युनेस्कोच्या बजेटमधले २२ टक्के एका रात्रीत गेले. २०१३ ला अमेरिकेचं तिथलं मत गेलं, कारण तिथंही दोन वर्षांच्या वर्गणीहून जास्त बाकी साचली की मत जातं. २०१८ च्या शेवटी ट्रम्पनी सदस्यत्वच सोडलं, २०२३ ला बायडननी परत घेतलं आणि सुमारे ६२ कोटी डॉलरची बाकी हप्त्यानं द्यायचं कबूल केलं, आणि जुलै २०२५ ला ट्रम्पनी परत सांगितलं की डिसेंबर २०२६ ला आम्ही निघणार. कैलास लेण्याला शंभरेक वर्षं लागली असं तुम्ही सांगता ना, तेवढ्या काळात हे किती वेळा आत-बाहेर करतील देव जाणे.

प्रश्न : आपण भारतवाले वेळेवर भरतो म्हणे. मग आपण येडे आहोत का? आपणही थकवावं. (एक व्यापारी, जालना)

उत्तर : भरतो, हो. आपला वाटा एक टक्क्याच्या थोडा वर आहे आणि २०२५ ची वर्गणी, ३ कोटी ७६ लाख डॉलरच्या आसपास, आपण जानेवारीतच भरून टाकली. जानेवारीअखेर पूर्ण भरणारे देश किती होते माहितीय? १९३ पैकी ३५. त्यांची नावं युनो 'ऑनर रोल' म्हणून लावते.

येडे नाही आहोत. थकवायची ताकद त्यालाच असते ज्याच्या वाट्याशिवाय गाडी अडते. आपण एक टक्का थकवला तर कुणाची झोप उडणार नाही, उलट आपल्याच फौजेची परतफेड मागताना तोंड उरणार नाही. आणि कायम सदस्यत्व मागत फिरतो आपण, तेव्हा खातं चोख असलेलं बरं. चीन आता २० टक्के देतो, पण अलीकडं तोही वर्षाच्या शेवटी शेवटी पैसे टाकायलाय. नोटीस मिळते जानेवारीत, पैसे येतात वर्ष सरत आलं की. ते बघून मला जास्त काळजी वाटते, कारण मग तिजोरीचे दोन मोठे खांब दोन्हीकडून हलायलेत.

प्रश्न : तुमची चौकट एकतर्फी होती. एक देश २२ टक्के देणार आणि मत मात्र तुवालूएवढंच एक. त्यानं आपले पैसे कुठं जातात ते विचारू नये का? मी स्वतः टॅक्स भरतो, मला अमेरिकेचं पटतं. (एक इंजिनियर, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : विचारावं की. विचारण्याबद्दल कुणाचीच तक्रार नाही. युनोचा कारभार काही धुतल्या तांदळासारखा नाही, एकाच विषयावर चार-चार कार्यालयं, कुणी वाचत नाही असे अहवाल, हे सगळं आहे. सरचिटणीस गुटेरेस ह्यांनी मार्च २०२५ ला 'यूएन-८०' नावानं सुधारणा काढल्या त्या काही उगाच नाही.

पण दोन गोष्टी बघा. पहिली, २२ टक्के हा दंड नाही, सूट आहे. जगाच्या एकूण उत्पन्नात अमेरिकेचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे, कमाल मर्यादा नसती तर त्यांना जास्त लागलं असतं, आणि तो कमी केलेला भाग बाकीचे देश वाटून घेतात, त्यात आपणही आलो. अगदी सुरुवातीला, १९४६ ला, त्यांचा वाटा जवळपास ४० टक्के होता, तो उतरत उतरत इथपर्यंत आलाय.

दुसरी, मताचं. १९८५ ला कॅन्सस राज्याच्या सिनेटर नॅन्सी कॅसेबॉम ह्यांनी हाच तुमचा मुद्दा कायद्यात घातला, की बजेटच्या बाबतीत जो जास्त देतो त्याचं मत जड करा, नाहीतर आम्ही २० टक्क्यांच्या वर देणार नाही. जड मत काही मिळालं नाही, पण डिसेंबर १९८६ ला आमसभेनं असं ठरवलं की बजेट शक्यतो सर्वसहमतीनं ठरवायचं. म्हणजे व्यवहारात काय झालं, मोठ्या देणाऱ्याला बजेटवर अडून बसायची जागा मिळाली. तेव्हापासून बजेटची चर्चा होते त्या पाचव्या समितीत डिसेंबरच्या शेवटच्या रात्रीपर्यंत घासाघीस चालते, अमेरिका तिथं बसून एकेक रकाना कापून घेते, आणि मग स्वतः मान डोलावलेल्या त्याच बजेटचे पैसे देत नाही. माझा आक्षेप तिथं आहे. बजेट ठरायच्या आधी भांडा, हवं तेवढं भांडा. ठरल्यावर हात आखडणं म्हणजे इतर १९२ देशांशी झालेला सौदा एकट्यानं मोडणं.

तुम्ही टॅक्स भरता म्हणालात. तुम्हाला एखादा उड्डाणपूल पटला नाही म्हणून इन्कम टॅक्समधून तेवढे वजा करून रिटर्न भरून बघा आणि काय होतं ते आम्हाला कळवा, पुढच्या अंकात छापू.

आणि एक बारीक गोष्ट, वाचकांपैकी कुणी अकाउंटंट असेल तर त्याला आवडेल. युनोचा नियम असा आहे की वर्षाचं बजेट खर्च झालं नाही तर उरलेली रक्कम सदस्यांना पुढच्या बिलातून वजा करून द्यायची. बरं, खर्च का झाला नाही? कारण पैसेच आले नाहीत म्हणून भरती थांबवली, दौरे थांबवले. म्हणजे जो पैसा कधी तिजोरीत आलाच नाही तो परत करायचा! ह्याचा फायदा थकवणाऱ्यालाही मिळतो. २०१९ ला न्यूयॉर्कच्या मुख्यालयात सरकते जिने बंद ठेवले, कारंजं बंद केलं, २०२३ च्या डिसेंबरात जिनिव्हाच्या इमारतीला काही दिवस कुलूप लावलं वीज वाचवायला. लोकांनी फोटो काढून हसून घेतलं. जिन्याचं ठीक आहे हो, माणसं चालत जातील, पण मानवी हक्कांचे तपास पथक माणसं नाहीत म्हणून उशिरा पाठवायची वेळ येते त्याचा फोटो निघत नाही.

प्रश्न : मी आशा वर्कर आहे, बीड जिल्हा. अमेरिकेनं डब्ल्यूएचओ सोडली म्हणतात. आमच्या पोलिओच्या कामावर परिणाम होईल का ताई/दादा जे कोणी असाल ते सांगा.

उत्तर : दादा आहे. बूथवरच्या लसीची काळजी नको, पल्स पोलिओचा खर्च मुख्यतः आपलंच सरकार करतं. परिणाम झालाच तर तो देखरेखीवर. तुमच्याकडं एखाद्या पोराचा पाय अचानक लुळा पडला की ज्या एसएमओ (म्हणजे आजारावर देखरेख ठेवणाऱ्या) डॉक्टरांना कळवतात, ते जाळं डब्ल्यूएचओनं उभं केलेलं आहे.

अमेरिकेचं तिथलं प्रकरण असं. १९४८ ला त्यांच्या संसदेनं सदस्य होतानाच लिहून ठेवलं होतं की सोडायचं असेल तर एक वर्षाची नोटीस देऊ आणि चालू वर्षाची देणी चुकती करू. जानेवारी २०२५ ला नोटीस दिली, २२ जानेवारी २०२६ ला वर्ष भरलं. नोटीसची अट पाळली. देण्याची नाही, २०२४ आणि २०२५ ची मिळून सुमारे २६ कोटी डॉलर बाकी ठेवूनच गेले. ठरलेल्या वर्गणीपेक्षा मोठा फटका त्यांच्या ऐच्छिक देणग्यांचा आहे, कारण पोलिओसारखी कामं जास्त त्यावरच चालायची, आणि ऐच्छिक पैसा बंद केला तर त्याला बाकीही म्हणता येत नाही. हा खड्डा समोर दिसत असताना, पण २०२२ ला ठरलेल्या वाटेनंच, मे २०२५ ला सदस्य देशांनी स्वतःची वर्गणी २० टक्क्यांनी वाढवून घेतली, २०२६-२७ पासून. त्यात भारत आहे. तुमच्या मानधनाला त्याच्याशी जोडून कुणी कारण सांगायला लागलं तर मात्र ऐकून घेऊ नका, त्याचा नि ह्याचा काही संबंध नाही, ते केंद्र आणि राज्याच्या बजेटमधून येतं. थकलं असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.